‘टिळक की गोखले’ आता पुरे : वक्तृत्व स्पर्धांच्या आयोजकांना खुले पत्र

वक्तृत्व स्पर्धांचे आयोजक, विषय काढणारी मंडळी आणि माझे सहपरीक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी निवृत्त शिक्षक आहे. इतिहास शिकवला. १ ऑगस्ट ते २३ जानेवारी, म्हणजे टिळक पुण्यतिथीपासून नेताजी जयंतीपर्यंत, आपल्याकडे वक्तृत्वाचा मोसम असतो आणि त्या मोसमात गेली कित्येक वर्षे मी व्यासपीठासमोरच्या टेबलाशी बसत आलो आहे. समोर गुणपत्रक, हाताशी घंटा, बाजूला निवलेला चहा. शेवटी शाल, श्रीफळ आणि ‘सरांनी आपला अमूल्य वेळ दिला’. याबद्दल तक्रार नाही. मुलांची भाषणे ऐकायला मला अजून आवडतात. तक्रार आहे ती तुम्ही काढता त्या विषयांबद्दल, आणि ती चारचौघांत करतो आहे कारण खासगीत तीनदा करून झाली.

गेल्या मोसमातली गोष्ट. विषय होता ‘जहाल की मवाळ : खरे देशभक्त कोण?’ वेळ सात मिनिटे. नववीतला एक मुलगा उठला. आवाज बारीक, हातवारे नाहीत, एकदा तर कागदाकडेही पाहिले. त्याने सात मिनिटांतली चार १९०७ च्या सुरत काँग्रेसमधल्या एका दुपारवर घालवली आणि शेवटी म्हणाला, ‘मला यातल्या कोणा एकाची बाजू घेता येत नाही.’ सभागृहात टाळी पडली नाही. गुण देताना सहपरीक्षकांनी ‘विषयाशी सुसंगतता’ या रकान्यात त्याला दहापैकी चार दिले. मी सहा दिले. पहिले बक्षीस गोखल्यांना ‘इंग्रजांच्या हातचे बाहुले’ म्हणणाऱ्या भाषणाला गेले. ते भाषण दणदणीत होते. निकालाच्या कागदावर माझीही सही आहे.

घरी येताना मला त्या मुलाचे भाषण आठवत राहिले, कारण त्या दिवशीच्या भाषणांत तेवढे एकच मला ठाऊक असलेल्या सुरतेबद्दल होते. बाकीची सगळी ‘की’ या अक्षराबद्दल होती. टिळक की गोखले. जहाल की मवाळ. गांधी की सुभाषबाबू. हा ‘की’ मुलाच्या हातात वकीलपत्र देतो. मग तो अशील निवडतो, दुसऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो आणि सात मिनिटांत शिक्षा ठोठावून खाली बसतो. भांडण कशावरून झाले, हे विचारायला त्याला वेळही नसतो आणि त्याचे गुणही नसतात.

याच्या उलट दुसऱ्या जातीची भाषणे असतात. ती सुजाण वाटतात म्हणून अधिक फसवी. त्यांत एक वाक्य हमखास येते : ‘त्यांच्यात मतभेद होते, पण मनभेद नव्हते.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ‘मतभेद’ ऐकताच माझा हात घंटेकडे जातो. टाळ्या पडतात, शिक्षक खूश होतात. फक्त ते खरे नाही. मनभेद होते. चांगले घसघशीत होते.

आपल्या पुण्यातूनच सुरुवात करू. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात दोघे १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहून आले. तुरुंगात एकत्र राहिलेल्या माणसांची दोस्ती तुटत नाही असे आपल्याला वाटते. पाच वर्षांत तुटली. १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि त्याची इंग्रजी बाजू तरुण गोखल्यांनी सांभाळली. १८९० मध्ये टिळकांनी शाळा चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचाच राजीनामा दिला. कारणे सामाजिक सुधारणेची होती, तशीच पगाराचीही होती. आजीव सदस्यांनी पगार वाढवून घ्यावा का, बाहेरची कामे स्वीकारावीत का, त्यागाची शपथ म्हणजे नेमके किती रुपयांची शपथ, अशा गोष्टींवर हे लोक वर्षानुवर्षे भांडत होते. मुलांना हे सांगितले तर त्यांच्या आदर्शांना धक्का बसेल, असे आपल्याला वाटते. मला तर वाटते, पगारावरून भांडणारे टिळक-आगरकर नववीतल्या मुलाला पुतळ्यांपेक्षा लवकर कळतील. त्याच्या घरी तेच चालू असते.

पुढे १८९५. रानड्यांनी वाढवलेली सार्वजनिक सभा ही राजकीय संस्था टिळकांच्या गटाने निवडणुकीत जिंकून घेतली. त्याच वर्षी पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनात समाजसुधारकांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरवायची की नाही यावर एवढे रण माजले की रानड्यांनी मांडवाचा हट्ट सोडून परिषद दुसरीकडे नेली. १८९६ मध्ये रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. म्हणजे आता पुण्यातल्या पुण्यात दोन सभा. एका सभेत गेलेला माणूस दुसऱ्या सभेच्या दारात संशयाने पाहिला जाणार, हे ओघानेच आले.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून आलेला एक सत्तावीस वर्षांचा बॅरिस्टर पुण्यात सभा घ्यायची म्हणून फिरत होता. तो टिळकांकडे गेला. टिळक म्हणाले, सगळ्या पक्षांची मदत घेताय हे बरोबर, या प्रश्नावर दोन मते असायचे कारण नाही, पण अध्यक्ष मात्र कोणत्याही गटात नसलेला हवा, संस्कृतपंडित भांडारकरांना भेटा. तो मग गोखल्यांकडे गेला. त्यांनीही भांडारकरांचेच नाव उचलून धरले. भांडारकरांनी होकार दिला, सभा झाली. गांधींनी पुढे आत्मकथेत हे लिहून ठेवले आहे. फिरोजशहा मेहता त्यांना हिमालयासारखे वाटले, लोकमान्य समुद्रासारखे आणि गोखले गंगेसारखे, असेही लिहिले आहे. हा उतारा मुले पाठ करतात. पण त्यातली गंमत कोणी सांगत नाही : ज्या दोन माणसांना एका सभागृहात बसवणे शहराला जमत नव्हते, त्या दोघांना एका नावावर आणायला बाहेरून आलेला, कोणाच्याच गटात नसलेला तरुण पुरला. आणि तिसऱ्या माणसाचे नाव सुचवण्याइतके भान त्या दोघांना भांडणाच्या ऐन भरात होते.

आता सुरत. १९०६ ला कलकत्त्याच्या अधिवेशनात दादाभाई नौरोजींनी स्वराज्याचा उच्चार केला आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव झाले. पुढचे अधिवेशन नागपूरला ठरले होते. तिथे स्वागत समितीतच हाणामारीची वेळ आली, तेव्हा मवाळांचे पुढारी मेहता यांच्या गोटाने ते सुरतेला हलवले. सुरत मुंबई इलाख्यात आणि यजमान प्रांतातला माणूस अध्यक्ष करायचा नाही असा रिवाज, म्हणजे टिळकांचे नाव आपोआप बाद. मग लाला लजपतरायांचे नाव पुढे आले. त्यांनीच नको म्हटले. रासबिहारी घोष अध्यक्ष ठरले. जहालांना खात्री वाटत होती की कलकत्त्याचे चार ठराव इथे पातळ केले जाणार. ठरावांचा मसुदा त्यांच्या हाती वेळेवर पडला नाही, त्यामुळे संशय वाढला.

२६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्षांच्या नावाला अनुमोदन द्यायला उठले आणि त्यांना कोणी बोलू दिले नाही. २७ तारखेला पुन्हा सुरुवात. टिळकांनी आधीच स्वागताध्यक्षांकडे चिठ्ठी पाठवली होती : अध्यक्षांच्या निवडीवर मला बोलायचे आहे, सभा तहकूब करण्याची सूचना मांडायची आहे. चिठ्ठीला उत्तर आले नाही. टिळक उठून व्यासपीठावर गेले. निवड झाली आहे, तुमची सूचना नियमबाह्य आहे, असे त्यांना सांगण्यात आले. ते हाताची घडी घालून लोकांकडे तोंड करून उभे राहिले. उचलून नेल्याखेरीज हलणार नाही म्हणाले. आणि मग तो प्रसिद्ध जोडा आला.

हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. त्याने जोड्याचे वर्णन मोठ्या तब्येतीत केले आहे : मराठी जोडा, तांबड्या चामड्याचा, टोकदार, तळाला शिसे ठोकलेले. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून मेहतांवर आदळला. पाठोपाठ खुर्च्या, काठ्या. शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला. जोडा सगळ्या मुलांना ठाऊक असतो, विनोदी भाग म्हणून. नेव्हिन्सनने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. टिळकांवर माणसे धावून आली तेव्हा गोखले त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी धावून येणाऱ्यांना अडवले.

नववीतल्या त्या मुलाने चार मिनिटे यावर घालवली. चिठ्ठी आणि पसरलेले हात. मंडळी, सुरतेबद्दल सांगण्यासारखे याहून नेमके काय आहे? एका बाजूला कागदावरची साधी विनंती, तिला हो किंवा नाही म्हणायची तसदी कोणी घेतली नाही. दुसऱ्या बाजूला आयुष्यभराच्या प्रतिस्पर्ध्यासाठी पुढे आलेले हात. या दोन्ही गोष्टी एकाच मांडवात, एकाच दुपारी घडल्या, आणि त्या घडवणारे एकाच पक्षाचे लोक होते. ‘खरे देशभक्त कोण?’ हे या दुपारला विचारून पाहा.

हात पसरले म्हणून गोड शेवट झाला असे मात्र नाही, आणि ‘मनभेद नव्हते’वाल्यांची गाडी इथेच रुळावरून घसरते. दुसऱ्या दिवशी मवाळांनी वेगळी बैठक घेतली आणि १९०८ मध्ये अलाहाबादला काँग्रेसची घटना अशी बांधली की तिच्यातले ध्येयवाक्य मान्य करून सही केल्याशिवाय आत प्रवेश नाही. जहाल बाहेर राहिले. सुरतेनंतर सात महिन्यांच्या आत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. पक्ष एकसंध असता तर सरकारने तेवढ्याच बेफिकिरीने त्यांना उचलले असते का? मला वाटते, नसते. पण हे माझे मत झाले.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटले. ॲनी बेझंट मध्यस्थी करू लागल्या. जमत आले असे वाटत असताना गोखल्यांनी त्या वर्षीच्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांना एक खासगी पत्र लिहिले. टिळक काँग्रेसमध्ये येऊ पाहतात ते सरकारची सर्व बाजूंनी अडवणूक करण्याचे जुने धोरण रेटण्यासाठी, असा त्याचा सूर होता. पत्रातली गोष्ट फुटली. टिळकांनी ‘केसरी’तून जाब विचारला. खुलासे, प्रतिखुलासे. गोखले मधुमेहाने खंगले होते, वय अवघे अठ्ठेचाळीस. वाद पेटलेला असतानाच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते गेले.

टिळक सिंहगडावर होते. निरोप मिळताच खाली उतरले, स्मशानात आले आणि बोलले. हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचे रत्न, असे ते गोखल्यांबद्दल म्हणाले. हेही मुलांना पाठ असते आणि ‘बघा, मनभेद नव्हते’ याचा पुरावा म्हणून ते येते. पुरावा उलटा आहे. काही दिवसांपूर्वी ज्याच्याशी छापील जुंपली होती, ज्याचा हिशेब आता कधीच पुरा होणार नव्हता, त्याच्या चितेशी उभे राहून टिळक बोलत होते. मनात काहीच नसते तर त्या भाषणाला मोल काय राहिले असते? शोकसभेत गोड बोलायला आपल्या तालुक्यातले कोणीही येते.

वाट मोकळी झाली ती पुढे. मेहताही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले. डिसेंबरच्या मुंबई अधिवेशनात घटनेतली अट सैल केली गेली आणि १९१६ ला लखनौमध्ये टिळक पुन्हा काँग्रेसच्या व्यासपीठावर चढले. सुरतेपासून नऊ वर्षे. त्याच वर्षी स्वराज्याची मागणी करणाऱ्या होमरूल लीग निघाल्या, त्याही दोन : एप्रिलमध्ये टिळकांची, सप्टेंबरमध्ये बेझंटबाईंची. दोघांनी मुलूख वाटून घेतला. मुंबई शहर वगळून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड टिळकांकडे, बाकीचा देश बाईंकडे. दोन लीग कशाला, तर दोघांच्या अनुयायांचे एकमेकांशी पटेना. पुढाऱ्यांचे पटत होते. हा व्यवहारीपणा मला सुरतेच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठा वाटतो. भांडण मिटत नाही ना, मग वाटणी करा आणि कामाला लागा. भाऊबंदकीत मुरलेल्या आपल्या लोकांना हे जमले, यावर एकाही मुलाने आजवर माझ्यासमोर भाषण केलेले नाही. कारण विषयपत्रिकेत ते कधी आलेच नाही.

आता २३ जानेवारीकडे. ‘गांधीजींनी नेताजींवर अन्याय केला काय?’ हा विषय तुम्ही दरवर्षी काढता. तो विषय टाळा असे मी म्हणणार नाही, तो तर फार मोठा विषय आहे. पण एकदा १९३९ च्या आधी १९२२ कडे मुलांना पाठवा.

१९२२ च्या डिसेंबरात गयेचे अधिवेशन. गांधी येरवड्याच्या तुरुंगात. अध्यक्ष चित्तरंजन दास. दासांचे म्हणणे, कायदेमंडळांत शिरून सरकारला आतून अडवू. राजगोपालाचारी, वल्लभभाई, राजेंद्रप्रसाद यांचे म्हणणे, गांधी आत असताना कार्यक्रमात फेर नाही. दास अध्यक्ष असून त्यांचा ठराव मोठ्या फरकाने पडला. त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि मोतीलाल नेहरूंना घेऊन १९२३ च्या जानेवारीत काँग्रेसच्या पोटातच स्वराज्य पक्ष काढला. फेरवादी आणि नाफेरवादी अशी उभी फूट. गांधींवर १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारीत ते सुटले. त्यांना दासांचा मार्ग पटत नव्हता, तसे ते स्पष्ट बोलत होते. तरी नोव्हेंबरात कलकत्त्याला गांधी, दास आणि मोतीलाल यांच्यात करार झाला : स्वराज्य पक्षाने कायदेमंडळातले काम काँग्रेसच्या नावाने करावे. बदल्यात काँग्रेसच्या सदस्याने चार आण्यांऐवजी महिन्याला २००० वार सूत द्यावे. बेळगावात, गांधी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले त्या अधिवेशनात, यावर शिक्का बसला. सुताची अट वर्षभरातच ढिली करावी लागली, पण काँग्रेस सुरतेसारखी फुटली नाही.

त्याच गांधींनी पंधरा वर्षांनी वेगळे वागायचे ठरवले. २९ जानेवारी १९३९ रोजी सुभाषबाबू १५८० विरुद्ध १३७७ मतांनी गांधींच्या पसंतीच्या पट्टाभि सीतारामय्यांना हरवून पुन्हा अध्यक्ष झाले. पट्टाभींचा पराभव हा त्यांच्यापेक्षा माझा आहे, असे गांधी जाहीरपणे म्हणाले. त्याच निवेदनात ते असेही म्हणाले की सुभाषबाबू काही देशाचे शत्रू नव्हेत. हे दुसरे वाक्य भाषणांत कधी येत नाही. फेब्रुवारीत कार्यकारिणीच्या बारा सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये त्रिपुरीला अध्यक्ष तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून मांडवात आणलेले. गांधी राजकोटला. गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला : अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. समाजवादी गट तटस्थ राहिला आणि ठराव मंजूर झाला. मग महिनाभर पत्रापत्री. गांधी नावे द्यायला तयार नाहीत, सुभाषबाबू एकरंगी कार्यकारिणी नेमायला तयार नाहीत. २९ एप्रिलला राजीनामा, ३ मे रोजी फॉरवर्ड ब्लॉक हा स्वतःचा गट.

आता यात एक बारीक गोष्ट आहे. गांधींनी १९३४ मध्येच काँग्रेसचे सदस्यत्व सोडले होते. ते चार आण्यांचेही सभासद नव्हते. म्हणजे प्रश्न असा पडतो : प्रतिनिधींनी निवडून दिलेल्या अध्यक्षाने, जो माणूस संघटनेचा सदस्यच नाही, त्याच्या इच्छेने कार्यकारिणी नेमावी काय? आणि दुसऱ्या बाजूने : ज्या माणसाशिवाय देशभर सत्याग्रह उभा राहणार नाही हे सुभाषबाबूंनाही मान्य होते, त्याचा विश्वास नसलेली कार्यकारिणी लढा कशी देणार? शिवाय निवडणुकीच्या वेळी सुभाषबाबूंनी सहकाऱ्यांवर आरोप केला होता की १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेवर ते इंग्रजांशी तडजोड करायला निघाले आहेत. वल्लभभाईंसारख्या माणसाला तो केवढा झोंबला असेल, याचा विचार करा. हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. सोळा वर्षांचा मुलगा यांच्यावर जीव तोडून वाद घालू शकतो. तुम्ही त्याला ‘अन्याय केला काय’ एवढेच देता, मग तो रडवेल्या आवाजात ‘हाय रे दैवा’ करून जातो.

१९४४ मध्ये रंगून नभोवाणीवरून सुभाषबाबूंनी गांधींना राष्ट्रपिता म्हटले, आझाद हिंद सेनेत गांधी आणि नेहरू यांच्या नावांच्या ब्रिगेड होत्या, हे ‘मनभेद नव्हते’च्या पुष्ट्यर्थ येते. माझे म्हणणे वर सांगितलेच. ऑगस्ट १९३९ मध्ये काँग्रेसने याच माणसाला तीन वर्षे कोणतेही निवडून येण्याचे पद घ्यायला बंदी केली होती. ते लक्षात ठेवून रंगूनचे शब्द ऐका, म्हणजे ते किती जड आहेत ते कळेल.

सत्ता हाताच्या अंतरावर आली की भांडणांचा पोत कसा बदलतो, यावर तर सगळेच गप्प असतात. १९३७ ला मुंबईत पंतप्रधानपदासाठी (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत) काँग्रेसचे नरिमन यांचे नाव घेतले जात असताना बाळासाहेब खेरांची निवड झाली. नरिमनांनी वल्लभभाईंवर ठपका ठेवला. गांधी आणि बहादुरजी यांनी चौकशी केली आणि निकाल नरिमनांच्या विरोधात गेला. १९३८ ला नागपुरात मध्य प्रांताचे पंतप्रधान डॉ. खरे यांनी सहकारी मंत्र्यांना वगळण्यासाठी परस्पर राजीनामा दिला आणि गव्हर्नरकडून नवे मंत्रिमंडळ करून घेतले. काँग्रेसने त्यांना दूर केले. यात फारसे उदात्त काही नाही. पण आमदार कोण कोणाबरोबर गेला हे रोज दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या मुलांना ही प्रकरणे समजायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

एक विनंती जाता जाता. ‘गांधी की आंबेडकर’ हा विषय या माळेत ओवू नका. ती एका पक्षातल्या दोन पुढाऱ्यांची चढाओढ नव्हती. १९३२ च्या पुणे करारात दलितांच्या ७१ जागांच्या १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले, हा व्यवहार ज्यांच्यासाठी झाला त्यांचा प्रश्न इंग्रज गेल्याने सुटणार नव्हता. त्यासाठी वेगळी स्पर्धा घ्या, वेगळी तयारी द्या.

आता माझ्या सूचना. विषय असे काढा : ‘सुरतेला टिळकांच्या चिठ्ठीचे काय करायला हवे होते?’ ‘दोन होमरूल लीग : शहाणपण की दुबळेपणा?’ (इथे ‘की’ चालेल.) ‘१९२४ मध्ये मिटले ते १९३९ मध्ये का मिटले नाही?’ ‘त्रिपुरीत तुम्ही प्रतिनिधी असता तर पंत ठरावावर हात वर केला असता काय?’ गुणपत्रकात ‘आवाजातील चढउतार व हावभाव’ यांना वीस गुण असतात, ते दहा करा. उरलेल्या दहांचा नवा रकाना पाडा : ‘विरुद्ध बाजूचे म्हणणे त्या बाजूला मान्य होईल असे मांडले का?’ भाषणानंतर परीक्षकाला दोन मिनिटे प्रश्न विचारू द्या. वेळ वाढेल, जेवण थंड होईल, म्हणाल. प्रमुख पाहुण्यांचे भाषण कमी करा. भरपूर वेळ निघतो, मी मोजून पाहिला आहे.

या मोसमाची दोन निमंत्रणे माझ्याकडे आली आहेत. दोन्हींच्या विषयपत्रिकेत ‘की’ आहे. विषय बदलले तर येईन, शाल-श्रीफळाशिवाय येईन. नाही बदलले तर दुसरा परीक्षक पाहावा.

आणि एक. गेल्या वर्षीची गुणपत्रके कार्यालयाच्या कपाटात असतील. त्या मुलाच्या कागदावर, विषयाशी सुसंगततेच्या रकान्यात, माझ्या अक्षरातला सहाचा आकडा आहे. तो खोडून तिथे नऊ करावे. निकाल बदलणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी करावे, आणि खाली माझी सही घ्यायला माणूस पाठवावा.

आपला,
एक परीक्षक